जुना कूलर, जुना टीव्ही अन् करंट: तुमचे अनुभव लिहा

मोर्शीकर
होळी झाली, कूलर सपरीतून बाहेर निघाला. लहान भाऊ बटण बंद करून पंप खोलायला बसला, पिन मात्र बोर्डातच! मी आधी पिन ओढली. लगेच शेजारची मोठी आई आठवली. भर मे महिन्यात, ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून ती कूलरमध्ये पाणी भरत होती. पंपाची वायर उंदरानं कुरतडलेली, बॉडी लोखंडी, अर्थिंग नाही. ती चिकटली ती गेलीच. गावात पुष्कळ बोर्डांत फेज (करंट आणणारी वायर) अन् न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडलेले असतात. बटण मग न्यूट्रल तोडते, फेज मोटरपर्यंत तसाच राहते. म्हणून बटणावर भरवसा नको, पिनच काढा. तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा, पोरं वाचतील.

दर्यापूरची सून
वाचून कसंतरीच झालं हो. पोळ्या टाकता टाकता लिहिते. आमचे मामंजी रोज सांगतात, पाणी भरायचं तर आधी पिन काढा, मग पाइप लावा. आता पटलं.

टीव्ही मेकॅनिक, कारंजा
भाऊ, जुन्या डब्बा टीव्हीत तर पिन काढूनही भागत नाही. पिक्चर ट्यूबवर रबरी टोपी असते ना, तिच्याखाली रंगीत सेटमध्ये २० ते २५ हजार व्होल्ट. बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवू शकते. पॉवरच्या भागातला मोठा कंडेन्सर, म्हणजे चार्ज साठवणारा डबा, वेगळाच. २३० व्होल्ट डीसी होऊन त्यात सव्वातीनशेच्या आसपास बसतात. पोट्टे पेचकस लावून ठिणगी काढतात, तसं करू नका बाप्पा. कंडेन्सरच फुटते, डोळ्यात जाते. होल्डरला दोन वायरी लावलेला जुना तारेचा पिवळा बल्ब कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना टेकवा, मग चार्ज उतरला का ते मीटर लावून पाहा. ट्यूबच्या टोपीले मात्र घरी हातच लावू नका.

वणीवाला
ते लाईनचंही लिहा कोणी. लाईन गेली म्हणून लोक मिक्सर खोलून बसतात. लाईन काय सांगून येते काय? आमचे बाबा मेन स्विच पाडून किटकॅट (फ्यूज) काढायचे अन् खिशात घालूनच काम करायचे. आई कितीही ओरडली तरी काम झाल्याशिवाय देत नसत 😄

मोर्शीकर
बाबांना नमस्कार सांगा 🙏

काळी माती
अर्थिंगवर कोणी बोलत नाही. तीन पिनची वायर कापून दोन पिनची लावली की संपलं. ती जाड पिन मुद्दाम लांब असते, आधी अर्थ जोडला जावा म्हणून. दुसरं म्हणजे आपली जमीन. पावसाळ्यात ओल असते तोवर अर्थिंग बरी चालते, एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की खड्डा कोरडा ठणठणीत. नेमके तेव्हाच कूलर रात्रंदिवस चालतात! कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत जा. सोबत ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. आम्ही कापसाच्या पैशातून आधी तीच घेतली.

दर्यापूरची सून
कूलरच्या ताट्या कोणी बदलल्या का? वाळ्याच्या घ्याव्या की गवताच्या?

वणीवाला
वाळ्याच्याच घ्या वहिनी. वास काय येते!

पुसदचा मास्तर
टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं धरू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो मंद पेटतो, दिवसाउजेडी दिसतही नाही. आधी चालू पॉइंटवर लावून टेस्टर ठीक आहे का ते पाहा. आणि कोणी चिकटलाच तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करा. मेन दूर असेल तर कोरड्या लाकडी काठीनं दूर लोटा.
बाकी माझा प्रश्न वेगळा आहे. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर सापडला. लावून पाहू का?

टीव्ही मेकॅनिक, कारंजा
गुरुजी, डायरेक्ट लावू नका! इतकी वर्षं पडून कंडेन्सर खराब झाले असतील. १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे सगळा करंट बल्बातूनच रेडिओत जाईल असा. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट हाय, लगेच काढा. एलईडी बल्ब चालत नाही. अन् सिरीज लावली म्हणून उघड्या सेटात हात घालू नका, करंट असतोच.

पुसदचा मास्तर
१०० चा पिवळा बल्ब आता मिळतो कुठे?

काळी माती
कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तेच बल्ब, सर. पोल्ट्रीवाल्याकडे विचारा.

वणीवाला
माझा भाचा पुसदलेच हाय. पोल्ट्री हाय त्याची. पाठवतो तुमच्याकडे, संध्याकाळी.