मदत हवी आहे: उन्हाळ्यातलं पाळणाघर, लहानमोठी मुलं एकत्र आणि दुपारी बारा ते पाच

नमस्कार,

मी नागपुरात घरीच पाळणाघर चालवते. एरवी दिवसभर थांबणारी मुलं छोटी असतात, शाळेत जाणारी फक्त दुपारी दोन-तीन तास येतात. सुट्ट्या लागल्या की तीच मोठी मुलं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडे. विदर्भात शाळा उघडतात त्या जूनच्या अखेरीला, त्यामुळे हे दिवस चांगलेच लांबतात. सध्या चौदा मुलं आहेत. सहा जण तीन वर्षांच्या आतले, एक साडेचार वर्षांची, बाकीचे पाच ते नऊ. मोठं बघणारं कोण, तर मी आणि एक मदतनीस मावशी.

सकाळचं बस्तान नीट बसलंय. आल्या आल्या अंगणात कडुनिंबाखाली लंगडी, विषामृत, डबा ऐसपैस. छोट्यांना माती आणि जुनी भांडी. साडेनऊला सगळे आत. मग हातपाय धुणं, पन्हं किंवा ताक, गोष्ट, चित्रं. साडेअकराला जेवण. त्यानंतर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, दार उघडायची सोय नाही. कूलर दोनच खोल्यांत आहे आणि आतल्या खोलीत छोटे झोपलेले. म्हणजे सात-आठ दणकट मुलं एका खोलीत, तेही आवाज न करता!

टीव्ही आणि मोबाईल मी ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको असं आहे. तेवढा तर घरीच होत असणार. शिवाय एकदा लावला की संध्याकाळी मुलं चिडचिडी होतात, हे रोज बघते.

पत्ते करून पाहिले. बदामसात बरं चालतं, पण भिकार-सावकारमध्ये आरडाओरडा होतो आणि आतलं एखादं बाळ उठतं. एक उठलं की सगळे उठतात. कणकेचे गोळे दिले तर कूलरच्या वाऱ्यात लगेच कडक होतात. चित्रं काढायला किती वेळ बसणार?

मुलांना शिकवण्यासारखं काही नसतं असं मात्र मला मुळीच वाटत नाही. परवा एका सहा वर्षांच्या मुलीने माठाखालच्या ओल्यात हात टेकवून कोरड्या फरशीवर पंजे उमटवले. कूलरसमोरचा पंजा पाहता पाहता गेला, कपाटामागचा बराच वेळ राहिला. मग तिने स्वतःच एक पंजा इथे, एक तिथे असं करून पाहिलं, आणि बाकीची मुलं आधी कुठला वाळेल यावर पैज लावू लागली. कुजबुजत! अर्धा तास कुणी जागचं हललं नाही.

आता अडचण पालकांची. एका घरून निरोप आहे की सुट्टीत रोज दोन पानं शुद्धलेखन करून घ्या. दुसऱ्यांना रोज ग्रुपवर ‘ॲक्टिव्हिटी’चे फोटो हवेत. ते चुकीचं मागतात असं नाही, दिवसभर मूल दुसऱ्याच्या हवाली केल्यावर काळजी वाटणारच. पण फरशीवरच्या पंजांचा फोटो काय पाठवू, तो काढेपर्यंत वाळून जातो.

तर पाच ते नऊ वयासाठी जमिनीवर बसून, कमी आवाजात खेळता येईल असं काय? दुपारी न झोपणाऱ्या साडेचार वर्षांच्या मुलीला कुठे बसवू? आणि पालकांना काय सांगू? खर्च फार परवडणारा नाही.

प्रतिसाद (अमरावती, बालवाडी शिक्षिका)
ताई, सगळ्यांना मिळून एक खेळ शोधू नका, तिथेच आवाज वाढतो. दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एक चटई. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखून चल्लस आठ शिकवा, चार कवड्या टाकून पडेल तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायचा खेळ. कवड्या नसतील तर दोन चिंचोके मधोमध फोडून चार फाका करा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. बेरीज तोंडी होते, वाट पाहायला शिकतात. फरशीवर टाकताना खडखड होते म्हणून खाली टॉवेल अंथरा. जोडीत एक मोठं, एक लहान ठेवलंत तर भांडणं कमी होतात, निदान माझ्या वर्गात तरी.

साडेचार वर्षांच्या पोरीला झोपवायला जाऊ नका. तिला खलबत्त्याजवळ किंवा मटार-शेंगांच्या टोपलीशी बसवा. शेंगदाण्याची टरफलं काढणं हे तिच्यासाठी खरं काम आहे.

प्रतिसाद (नाशिक, परिचारिका)
चांगला सल्ला आहे, फक्त चिंचोके, बिट्ट्या, सागरगोटे, शेंगदाणेसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. खेळ संपला की मोजून डब्यात आणि डबा वर. मोजायचं काम मोठ्यांनाच द्या.

दुसरं, कूलर. ओल्या हाताने कुणीही त्याला शिवायचं नाही, आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. मेकॅनिककडून अर्थिंग तपासून घ्या. तहान लागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्या. लघवी गडद पिवळी दिसली किंवा बराच वेळ झालीच नाही तर लगेच लक्ष द्या. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, आणि डॉक्टरांना दाखवा. टबमध्ये पाणी खेळायला देत असाल तर खेळ झाल्याबरोबर उपडा करा. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

प्रतिसाद (पालघर, निवृत्त शिक्षक)
तुमच्याकडचे पंजे वाचून आनंद झाला. आमच्या भागात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसोबत हेच केलं. महागडी साधनं न आणता आसपासच्या बिया, पानं, दगड यांतून मुलांना शिकवलं. पालकांना हे जरूर सांगा.

आणि एक तारीख लिहून ठेवा. नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच राहते. आधी आठवडाभर अंगणात एक पाईप सरळ उभा करा, रोज त्याच वेळी मावशींनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि मुलांनी दारातून बघायची. उन्हात एकालाही उभं करू नका. जुलैत पुन्हा येतो हा दिवस, पण तेव्हा तुमच्याकडे ढग असतात.

प्रतिसाद (पुणे, पालक)
फोटो मागणाऱ्यांपैकी मीही एक होते. आमच्या पाळणाघराने दाराशी फळा लावला. रोज एक मोठं मूल त्या दिवशी काय झालं ते दोन ओळींत लिहायचं, बाकीचे सांगायचे. ‘आज पन्ह्यात मीठ जास्त झालं’ असंही असायचं. नेताना मी ते वाचायचे आणि रस्ताभर त्यावरच बोलणं व्हायचं. मुलीचं अक्षरही त्यातच सुधारलं. शुद्धलेखन मागणाऱ्यांनाही हे पटेल असं वाटतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. फळा उद्याच दाराशी टांगते, आणि वर्गणीतून चटया घेते. कूलरवाल्याला बोलावलंय. चिंचोके आईकडे पोतंभर आहेत, ते मावशी फोडून देतील.

एवढंच अजून विचारते. सातपैकी दोन मुलांना हरलेलं अजिबात सहन होत नाही, लगेच पट उधळतात आणि मग रडणं आतपर्यंत जातं. चल्लस आठ सुरू करण्याआधी अशा मुलांना आधी कुठल्या खेळात घ्यावं, हरजीत नसलेल्या? अमरावतीच्या ताई, तुम्ही वर्गात काय करता?