चेन तुटलेल्या ३२०डी मध्ये तीन लिटरचं इंजिन: शहाणपण की खाज?

इर्विनचा कठडा
सांगली-मिरज, इस्लामपूर, कराड या पट्ट्यात २०१२ ते १५ च्या बीएमडब्ल्यू एफ३० (थ्री सिरीजची त्या पिढीची बॉडी) ३२०डी आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे फिरायला लागल्यात. थंड इंजिनला मागून येणारी खरखर कुणी मनावर घेत नाही, एक दिवस टायमिंग चेन तुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. मग प्रश्न ठरलेला: जुन्यासारखंच दोन लिटरचं एन४७ घालायचं, की एफ१० म्हणजे फाइव्ह सिरीजच्या ५३०डी मधलं तीन लिटरचं एन५७?

माझं मत: इंजिन खाली उतरणारच आहे तर तीन लिटर घाला. ही दोन्ही इंजिनं एकाच घरातली. बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, दोन्हीत तेच. चार भांड्यांचे (सिलिंडरचे) १९९५ सीसी, सहा भांड्यांचे २९९३. युरोपात कंपनीनं स्वतः याच बॉडीत हे इंजिन घालून ३३०डी विकली, त्यामुळे परकं धूड कोंबल्यासारखं होत नाही. १८४ अश्वशक्तीच्या जागी २५८, ३८० एनएम टॉर्कच्या जागी ५६०. खंबाटकीला पाय अर्धा दाबला की काम झालं.

पाना १७
कठडेदादा, बसतं हे मान्य. एफ३० चं बॉनेट सहा सिलिंडर धरूनच आखलंय, पुढं जागा रिकामीच असते. पण "बसतं" आणि "चालतं" यात जो खर्च आहे तो तुम्ही एका ओळीत गिळलात.

३२०डी ला झेडएफचा ८एचपी४५ गिअरबॉक्स आहे. नावातला ४५ म्हणजे ४५० एनएमच्या घरातला. त्याच्यापुढं ५६० चं इंजिन लावलं तर पहिल्या महिन्यात काही होणार नाही, आणि तिथंच माणूस फसतो. मग गरम झाल्यावर वरच्या गिअरला क्लच घसरायला लागतात, आरपीएम चढतं आणि गाडी तिथंच. म्हणजे ८एचपी७० लागला. तो आला की प्रॉपशाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) लांबीला आणि फ्लँजला जुळत नाही, तोही आला. गिअरबॉक्सचं क्रॉसमेंबर, शिफ्ट केबल नसली तरी प्लग आणि वायरिंग, कूलरच्या नळ्या. डिफरन्शियलचं गुणोत्तर स्टिकरवर वाचून घ्यायचं, कारण गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरला ठराविक गुणोत्तरच अपेक्षित असतं.

पुढं इंटरकूलर, रेडिएटर, जास्त वॅटचा पंखा, पुढच्या स्प्रिंगा. ब्रेकही. ३२०डी ला पुढं ३१२ मिमीची डिस्क, सहा सिलिंडरच्या ३३५आय ला ३४०. यातलं एक जरी "नंतर बघू" म्हणून सोडलं, तर मे महिन्यात सांगलीची चाळिशी आणि एसी चालू असताना टेंपरेचर कुठं जातं ते समजेल.

आणि गंमत बघा, चेनला घाबरून इंजिन बदलताय. एन५७ ची चेनसुद्धा मागंच, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे.

कुपवाडचा लेथ
पाना दादांनी जी यादी दिली तीच मी तीन लिटरच्या बाजूने वाचतो. हे सगळं सुटं-सुटं गोळा करायला गेलात तर दिवाळं निघणार, यात वाद नाही. म्हणून सुटं इंजिन घ्यायचंच नाही. अख्खी अपघाती गाडी घ्यायची, मागून ठोकलेली, सुरू होणारी. इंजिन, गिअरबॉक्स, डीडीई (इंजिनचा कॉम्प्युटर), गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ईजीएस, इंजिनचा वायरिंग हार्नेस, पंखा, कूलर एकाच गाडीतून. शोधताना ५३०डी किंवा ७३०एलडी बघा, एक्स५ नको. एक्स५ फोर व्हील ड्राइव्ह असते, पुढच्या चाकाचा शाफ्ट तिच्या ऑइल संपमधून (इंजिनखालच्या ऑइलच्या टबातून) आरपार जातो. तो संप एफ३० मध्ये चालत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या मायापुरीला "सेम इंजिन हाय साहेब" म्हणून एक्स५ चंच गळ्यात मारतात.

फाइव्ह सिरीजच्या इंजिनाचेसुद्धा संप, माउंटचे ब्रॅकेट आणि खालचा एक्झॉस्ट जसेच्या तसे बसतील असं धरून चालू नका. चासिस नंबरचे शेवटचे सात आकडे टाकून दोन्ही गाड्यांचे पार्ट नंबर समोरासमोर ठेवायचे. जुळत नाही ते एफ३० ३३०डी च्या नंबरने मागवायचं. ब्रॅकेट लेथवर बनवून देणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, मीही देईन, पण माउंटचा कोन दोन अंश चुकला की प्रॉपशाफ्टच्या जॉइंटला ऐंशीच्या पुढं थरथर धरते आणि मग लोक टायर बॅलन्सिंग करत बसतात.

इंजिन स्टँडवर असतानाच करायची कामं: दोन्ही चेन, गाइड, टेन्शनर. खालची चेन क्रँकवरून हाय प्रेशर पंपाला जाते, वरची पंपावरून कॅमला. एकच बदलून दुसरी ठेवणं म्हणजे अर्धी दाढी. क्रँकचं मागचं सील, सगळे ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना तापणारे), ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा) कूलर तपासून. गाडीत बसल्यावर यातल्या निम्म्या कामांना गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

आता सगळ्यात जास्त बिघडतं ते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा डबा. गिअरबॉक्सला लावताना तो फिरवत-फिरवत आत ढकलायचा. एकदा टक होतं, पुन्हा थोडा आत जाऊन टक होतं, आणि पंपाच्या खाचेत बसला की आणखी आत. दुसऱ्या टकला थांबलात तर बाहेरून काही कळत नाही. मग बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं तोंड) आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये बोटभर फट राहते आणि पोरगं ती बोल्ट आवळून मिटवतं. पंपाचे कान तिथंच मोडतात. बेलहाउसिंग हातानं पूर्ण टेकलं पाहिजे आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. नसेल तर परत मागं. निळ्या टोकाचे अ‍ॅल्युमिनियम बोल्ट दुसऱ्यांदा लावायचे नाहीत, ते आवळताना ताणले जातात. टॉर्क आणि त्यावर अंशात कोन, दोन्ही पुस्तकाप्रमाणे.

गिअरबॉक्स ऑइलचं झेडएफ किट सात लिटरचं मिळतं. भरताना गाडी लेव्हलवर, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा टाकून पुन्हा पी, ऑइल ३० ते ५० अंशांत असताना वरच्या बोल्टमधून बारीक धार आली की बंद. गरम गाडीत भरलं की कमी पडतं, आणि ते कमी पडलेलं सकाळी थंडीत झटका देतं.

मिरजेचा वायरमन
नटबोल्टचं झालं. गाडी अजून सुरू झालेली नाही.

एफ३० ची इमोबिलायझर (चोरी रोखणारी कुलपाची यंत्रणा) एफईएम नावाच्या मॉड्यूलमध्ये आहे, एफ१० ची सीएएस४ मध्ये. प्रत्येक डीडीईत एक गुप्त आयएसएन आकडा असतो, तो गाडीच्या मॉड्यूलशी जुळला तरच इंजेक्शन सुरू. ८एचपी च्या ईजीएसमध्येही हीच जोडी असते. म्हणून ५३०डी चं डीडीई तसंच लावलं तर स्टार्टरच फिरणार नाही, किंवा गिअर पी मधून निघणार नाही.

क्रम महत्त्वाचा. जुनं इंजिन काढायच्या आधी मूळ डीडीई पूर्ण वाचून बॅकअप, एफईएमचा आयएसएन वाचून दोन ठिकाणी जपून. मग आणलेलं डीडीई टेबलावर वाचायचं, त्यात एफ३० चा आयएसएन लिहायचा, ईजीएसची जुनी जोडी पुसायची. ईजीएस आतच बुडलेलं असतं, ऑइल पॅन काढायच्या वेळीच ते उरकलं तर बरं. नंतर ई-सिस या बीएमडब्ल्यूच्या कोडिंग सॉफ्टवेअरमधून गाडीच्या ऑर्डरमध्ये (कंपनीच्या तपशिलाच्या यादीत) टाइप बदलून सगळी मॉड्यूलं कोड करायची. डीएससी (गाडी घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणा) विसरलात तर इंजिनचा टॉर्क आणि ब्रेकवाल्याची अपेक्षा जुळत नाही, मीटरवर पिवळ्या दिव्यांची दिवाळी. प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरीला ५० अँपिअरचा तरी सप्लाय लावून व्होल्टेज साडेतेराच्या आसपास पकडून ठेवा. मध्येच लाईट गेली तर एफईएम मेला, आणि त्याच्यासकट चावी, काच, दिवे, वायपर.

इंजेक्टर काढले असतील तर प्रत्येकाच्या डोक्यावरचा कोड डीडीईत त्याच भांड्याला टाकायचा. अदलाबदल झाली तर आयडलला गाडी ट्रॅक्टरसारखी हलते.

मी विरोधातही नाही, बाजूनंही नाही. ज्याला हे सगळं वाचून घाम फुटला नाही त्यानं करावं.

माणदेशी
एवढ्या भानगडीपेक्षा जीएमचं एलएस३ टाका राव. ६.२ लिटर व्ही८, ४३० अश्वशक्ती, पुशरॉड इंजिन म्हणून डोकं लहान, जागेत बसतं. अमेरिकेत कशातही घालतात.

मिरजेचा वायरमन
जुन्या गाडीत घालतात, जिथं इंजिनशी बोलणारं कुणी नसतं. एफ३० मध्ये डीएससी, स्टिअरिंग, मीटर सगळे फ्लेक्सरे आणि कॅन या मॉड्यूलांना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवर डीडीईची वाट बघत बसलेले असतात. एलएस३ त्यांच्याशी बोलणार कोणत्या भाषेत? इलेक्ट्रिक स्टिअरिंगला इंजिन चालू असल्याचा निरोप मिळाला नाही तर असिस्ट मिळेलच असं धरू नका. वरून डिझेलची टाकी, पंप, नळ्या बदलायच्या.

आरसी बुक
तुम्ही सगळे गॅरेजमध्येच भांडताय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. कलम १८२ए (४) प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

तशाच्या तशा इंजिनची गोष्ट निराळी. आधी अर्ज, परवानगी, इंजिनचं खरेदी बिल, आणि नव्या इंजिन नंबरची नोंद. एमएच-१० असो की एमएच-११, वाट तीच. १९९५ च्या आरसीवर २९९३ चढवून द्या म्हणून खिडकीवर गेलात तर तिथला माणूस आधी तुमच्याकडे बघेल, मग आरसीकडे.

इर्विनचा कठडा
पीयूसीला तर कुणी इंजिन नंबर बघत नाही. आणि थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वर सगळ्यांना एकच, म्हणजे कंपनीला एका रुपयाचाही तोटा नाही.

आरसी बुक
हप्ता एकच आहे म्हणून लपवण्यात फायदा काय, हे उलट विचारा. पीयूसीवाला धूर मोजतो, बॉनेट उघडतो तो सर्व्हेअर, अपघातानंतर. ब्लॉकवरचा नंबर पॉलिसीशी जुळला नाही की तुमच्या गाडीचा क्लेम अडकला. समोरचा माणूस दगावला असेल तर तो विषय तुमच्या गाडीच्या पत्र्यापुरता राहत नाही.

पाना १७
एक दुरुस्ती राहिली. चेनचा सगळ्यात वाईट काळ २००७ ते ११ च्या एन४७ चा. एफ३० मधलं सुधारलेलं आहे, अमर नाही पण लगेच मरणारंही नाही. त्याच वंशाचं दोन लिटर घातलं, चेन किट स्टँडवर बदललं, ऑइल बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ दर्जाचं आणि १०-१२ हजार किलोमीटरवर बदललं, तर गाडीचं बाकी काहीच हलवायला लागत नाही. आयएसएनचा प्रश्नसुद्धा नाही, मूळ डीडीई तेच राहतं, फक्त इंजेक्टरचे कोड टाकायचे. काम आठवड्याचं.

इर्विनचा कठडा
कागदाच्या मुद्द्यावर उत्तर नाही माझ्याकडे, ते कबूल. रस्त्यासाठी तीन लिटरचा आग्रह मागे घेतो. ट्रॅकसाठीच ठेवलेल्या, ट्रेलरवरून नेणाऱ्या गाडीत मात्र अजूनही एन५७ च घालावं असं म्हणेन, आणि लेथ भाऊ म्हणतात तसं अख्ख्या गाडीतून. पण मग दोन लिटर तरी धड कुठनं आणायचं? जुन्या बाजारात २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची इंजिनं अजून धुऊन-पुसून फिरतायत.

कुपवाडचा लेथ
ते ओळखता येतं. बाहेरून धुतलेलं इंजिन चकचकीत असतं, म्हणून बाहेर बघायचंच नाही. अल्टरनेटरच्या जाळीतून टॉर्च मारा, कृष्णेचा गाळ तांब्याच्या वेढ्यात पिठासारखा वाळून बसलेला असतो. हार्नेसचा सगळ्यात खालचा प्लग उघडा, पिनांवर हिरवट-पांढरं आलं असेल तर पुढं बोलूच नका.

पाणी आत ओढलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असतो आणि इंजिन तरीही सुरू होतं. म्हणून सगळे ग्लो प्लग काढायचे. भोकातून एक सरळ तार पिस्टनवर टेकवायची, क्रँक हातानं फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणायचा, तारेवर खूण करायची. चारही भांड्यांना तेच, तीच तार, तोच कोन. एका भांड्यात खूण एखाद-दीड मिलिमीटर जरी खाली गेली तरी तो रॉड वाकलाय. मग त्याच भोकातून कॅमेरा घाला. वाकलेल्या भांड्यात वरची काजळीची पट्टी बाकीच्यांपेक्षा रुंद दिसते, कारण पिस्टन आता तिथपर्यंत पोचतच नाही. कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी, चारही आकडे लिहून घ्यायचे. विकणारा म्हणाला "ग्लो प्लग काढू देणार नाही, तुटतील", तर गाडी वळवायची.