ट्यूमरच्या रिपोर्टवर औषधाचं नाव सॉफ्टवेअरने छापावं का?

मुठाकाठ: पुण्यातल्या ट्यूमर बोर्डांपुढे, म्हणजे कर्करोगाचे उपचार मिळून ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, एनजीएस रिपोर्ट (गाठीतल्या डीएनएच्या तपासणीचे अहवाल) सॉफ्टवेअरने छापलेल्या औषधाच्या नावासकट येतात. माझा विरोध आहे. सॉफ्टवेअरने पुरावा गोळा करावा, औषध मॉलिक्युलर पॅथॉलॉजिस्टने (डीएनए तपासण्या वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरने) सही करताना लिहावं. बीआरएएफ जीनमधला व्ही६००ई हा बदल घ्या. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, त्यावर व्हेमुराफेनिब हे बीआरएएफ दाबणारं औषध चालतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तेच एकटं दिलं तर जवळजवळ निरुपयोगी, कारण बीआरएएफ दाबला की पेशीला वाढायला सांगणारं ईजीएफआर हे प्रथिन उसळतं. तिथे एन्कोराफेनिब या बीआरएएफ दाबणाऱ्या औषधासोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब लागतं. कर्करोगाचा प्रकार न भरता फाइल चढवली की दोन्ही कर्करोगांची औषधं एकाच यादीत.

कर्वेरोड१२: तो दोष भरणाऱ्याचा. ५०० जीन्सच्या पॅनेलमधून गाळून उरलेल्या प्रत्येक व्हेरिएंटचे (डीएनएतल्या बदलाचे) पेपर हाताने वाचणार कोण? दोन तज्ज्ञ एकाच व्हेरिएंटला वेगळा टियर (महत्त्वाची पायरी) देतात, म्हणून तर २०१७ मध्ये एएमपी-अॅस्को-कॅप या अमेरिकी वैद्यकीय संस्थांची टियर पद्धत आली. टूल निदान दर वेळी तेच उत्तर देतं.

मुठाकाठ: चुकलेलं असेल तरीही तेच! बीआरएएफच्याच व्ही६००के या बदलात शेजारचे दोन बेस (डीएनएची अक्षरं) बदलतात, जीटीजीचं एएजी होतं. कॉलरने (बदल शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) ते दोन ओळींत फोडले की टूल व्ही६००एम आणि व्ही६००ई असे दोन व्हेरिएंट दाखवतं. दोन्ही बदल एकाच रीडवर (डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यावर) आहेत का, हे आयजीव्ही या प्रोग्रॅममध्ये रीड्सची बॅम फाइल उघडली की लगेच दिसतं. उघडतो कोण?

फॉर्मॅलिन: तुम्ही दोघंही ब्लॉकबद्दल, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या नमुन्याबद्दल, अवाक्षर काढत नाही. बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये नमुना दिवसचे दिवस पडून राहिला की डीएनए तुटतो आणि कमी टक्क्यांवर सीचे टी झालेले खोटे बदल दिसतात. शिवाय स्लाइडवर ट्यूमर पेशी २० टक्के असतील तर साधा हेटरोझायगस (जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतला) बदल १० टक्के रीड्सच्या आसपास यायला हवा. तिथे बीआरसीए२ जीनमधला बदल ५० टक्क्यांवर दिसला तर तो जन्मजात असल्याचा संशय आधी घ्या आणि रक्ताचा नमुना मागवा. ट्यूमरची टक्केवारी न विचारणाऱ्या टूलला हे कळणार कसं?

कर्वेरोड१२: टक्केवारी सक्तीची करा, मान्य. शेजारचे बदल जोडणं, संदर्भ जीनोमची आवृत्ती ३७ की ३८ ते तपासणं, हेही पाइपलाइनमध्येच बसवा. थकलेल्या डोळ्यांपेक्षा ते भरवशाचं.

मुठाकाठ: बसवा की. पण केआरएएस जीनच्या कोडॉन १२ वर (तीन अक्षरांच्या बाराव्या गटावर) पुरेसे रीड्सच नसतील तर पुष्कळ टूल्स गप्प राहतात आणि रिकामी जागा 'बदल नाही' म्हणून वाचली जाते. त्यावर सेटुक्सिमॅब सुरू झालं, जे तिथे बदल असेल तर चालत नाही, तर?

कर्वेरोड१२: मग 'बदल आढळला नाही' आणि 'वाचता आलं नाही' अशा दोन वेगळ्या ओळी छापायला लावा. दुसरी ओळ आली की औषधाचा रकाना बंद. एवढा नियम टूल पाळतं. घाईतली सही पाळेलच असं नाही.