जुनी जिप्सी घेऊन थरच्या वाळवंटात नेण्याजोगी करायची आहे : दोन गाड्यांपैकी कोणती घ्यावी?

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात जैसलमेरकडच्या वाळूत स्वतःच्या गाडीने जायचे, असे माझे आणि माझ्या मावसभावाचे ठरले आहे. त्याच्याकडे महिंद्रा थार आहे. मला मात्र जुनी मारुती जिप्सीच घ्यायची आहे, आणि त्यामागे विचार आहे. वाळूत हलकी गाडी तरते. जिप्सीचे वजन एका टनाच्या आसपास भरते, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, आणि बाडमेरच्या पुढे एखाद्या गावात बंद पडलीच तर तिथला साधा मेकॅनिकही ती उघडून पाहू शकतो. १९८५ च्या अखेरीस आलेली ९७० सीसीची आणि नंतर १९९६ मध्ये आलेली १३०० सीसी कार्ब्युरेटरची, या दोन्ही मी विचारातून वगळल्या आहेत. २००० पासूनचे एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन फवारणारे) इंजिन सोळा व्हॉल्व्हचे असून सुमारे ८० अश्वशक्ती देते, आणि जुनी गाडी घ्यायचीच तर त्यापेक्षा मागे जाऊ नये, असे मला वाटते.

बडोद्यात आणि आसपास शोध घेतल्यावर दोन गाड्या विचार करण्यासारख्या मिळाल्या आहेत.

पहिली २००९ ची, हार्ड टॉप, जीजे-०६ पासिंगची. मूळ मालक दांडिया बाजारातले एक निवृत्त गृहस्थ आहेत. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आरसीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले आहे आणि सर्व कागद त्यांच्याच नावावर आहेत. इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे, धूर नाही. अडचण खालच्या बाजूला आहे. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे अडकतो तिथे, चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) लोखंडी पट्टी वेल्ड केलेली दिसते आणि तिच्यावर काळा अंडरकोट (गंजरोधक लेप) मारलेला आहे. तो अंडरकोट इतका ताजा आहे की बोट लावले तर बोटाला चिकटतो. बाकी चॅसीवर असा थर कुठेही नाही. ते ३ लाख ४० हजार मागत आहेत.

दुसरी गाडी लष्कराच्या लिलावातून निघालेली सॉफ्ट टॉप आहे. ती सध्या पालनपूरजवळ आहे. चॅसी सगळीकडे खणखणीत आहे, गंज नावालाही नाही, आणि किंमत पहिलीपेक्षा बरीच कमी आहे. मात्र विकणाऱ्याने ती लिलावात घेणाऱ्या माणसाकडून विकत घेतली असून अजून कोणाच्याही नावाने नागरी नोंदणी झालेली नाही. गाडीचा रंगही लष्करी हिरवाच आहे. नोंदणीचे काम ‘होऊन जाईल’, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुरुस्तीसह माझी एकूण मर्यादा पाच लाखांची आहे. जाणकारांनी कृपया तीन बाबतींत मार्गदर्शन करावे. पहिली गाडी त्या वेल्डिंगसह घेण्याजोगी आहे का, आणि ते नेमके कसे तपासावे? दुसऱ्या गाडीच्या कागदांचा धोका पत्करावा का? आणि उरलेल्या पैशांतून आधी काय करून घ्यावे? मावसभावाचा आग्रह आहे की दोन इंचांची लिफ्ट (गाडीची वाढवलेली उंची), २३५/७५ चे मोठे टायर आणि पुढे विंचसह (रुतलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्रासह) भक्कम बंपर, या तीन गोष्टींशिवाय वाळूत जाऊच नये. मला मात्र आधी गाडीचे हाडपेर नीट करावेसे वाटते.

प्रतिसाद :

आपला विचार योग्य दिशेने चालला आहे. दुसऱ्या गाडीपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर सोपे आहे. ती घेऊ नका. लिलावात गाडी घेणाऱ्याच्या नावाने लष्कराने दिलेले विक्रीचे पत्र असते आणि पहिली नागरी नोंदणी त्याच नावाने व्हायला हवी. ती न होता गाडी पुढे विकली गेली असेल, तर आरटीओच्या दृष्टीने आपण तिसरे माणूस ठरता आणि मधल्या माणसाची स्वाक्षरी मिळवण्यासाठी आपल्यालाच वणवण करावी लागते. आताच्या मालकाने आधी स्वतःच्या नावे रीतसर नोंदणी करून दाखवली, तरच पुढचे बोलणे करावे. रंगाचाही प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखला आहे, त्यामुळे नोंदणीपूर्वी संपूर्ण गाडी रंगवावी लागेल आणि किमतीत दिसणारी बचत तिथेच निम्मी होईल.

आता पहिली गाडी. वेल्डिंग आहे एवढ्यावरून ती टाकून देऊ नका, परंतु त्या अंडरकोटवर विश्वासही ठेवू नका. जिप्सीच्या चॅसीचे रूळ आतून पोकळ असतात. त्यांत चिखल आणि पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून बाहेरून दिसणारे भोक हे आतल्या दुखण्याचे शेवटचे लक्षण असते. गाडी खड्ड्यावर घ्या, म्हणजे ज्या गॅरेजमध्ये खाली उभे राहून पाहता येते तिथे न्या, आणि मालकांच्या परवानगीने त्या पट्टीभोवतालचा थर तारेच्या ब्रशने काढा. मग लहान हातोडीने पट्टीच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत ठोकत जा. धड लोखंड टणत्कार देते, खाल्लेले लोखंड बद्द वाजते. शंका आली तिथे जाड स्क्रू-ड्रायव्हर जोराने टोचून पाहा. तपकिरी पापुद्रे गळू लागले किंवा टोक आत गेले, तर तो भाग वाळूतले झटके सहन करणार नाही. दोन्ही बाजूंचे पाट्यांचे हँगर, शॅकल (पाट्याचे टोक धरणाऱ्या हलत्या कड्या) आणि बॉडीचे रबर माउंट जिथे बसतात त्या जागाही अशाच तपासा. चॅसीवर कोरलेला क्रमांक स्पष्ट वाचता येतो ना आणि तो आरसीशी जुळतो ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या. पुढे कधी पट्टी मारताना तो क्रमांक झाकला गेला, तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते.

चॅसी ठीक निघाली, तर पुढची पायरी म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. जिप्सीचे खरे दुखणे पुष्कळदा स्टिअरिंग नकलमध्ये, म्हणजे पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्यात, असते. पुढचे चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा; खडखड जाणवली तर किंगपिनचे (त्या सांध्याच्या खिळीचे) बेअरिंग गेले आहेत. अशी गाडी ताशी साठ-सत्तरच्या वेगात खड्ड्यावरून गेली की स्टिअरिंग हातातून सुटेल इतके थरथरते. नकलचे सील गेले असतील तर डिफ्रन्शियलचे (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल आत येऊन ग्रीस पातळ होते आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसतात. बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. त्यानंतर ढिल्या मातीत फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून गाडी चालवा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पुढची चाके माती उडवतात का, ते पाहायला सांगा. गाडीला फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाके अ‍ॅक्सलपासून सोडवता येणारे) असतील तर ते आधी लॉक करायला विसरू नका. डांबरी रस्त्यावर ही चाचणी मुळीच करू नये. या गाडीत मधला डिफ्रन्शियल नाही, त्यामुळे घट्ट पकड असलेल्या रस्त्यावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टच्या क्रॉस सांध्यांवर येतो.

प्रतिसाद :

वरील प्रतिसादाशी सहमत. मी वाळूबद्दल आणि मावसभावांच्या आग्रहाबद्दल लिहितो.

वाळूत गाडी नेणारी मुख्य वस्तू म्हणजे टायरमधली कमी केलेली हवा, आणि तिला पैसे लागत नाहीत. रस्त्यावर ज्या टायरमध्ये २४ ते २६ पीएसआय हवा असते, तो १५ पर्यंत उतरवला की त्याची जमिनीवरची लांबी वाढते आणि गाडीचे वजन पसरते. फारच मऊ वाळू लागली तर १२ पर्यंत जाता येते, मात्र मग वेग कमी ठेवावा आणि झटक्याने वळू नये, नाहीतर टायर रिमवरून निघतो. म्हणून विंचचे पैसे चांगल्या पंपावर आणि अचूक गेजवर खर्च करा. उघड्या वाळूत विंचचा दोर अडकवायला झाड सापडत नाही. त्याऐवजी लांब दांड्याचे फावडे, दोन सँड बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी आणि गाडीच्या चॅसीला धरणारे पुढचे-मागचे भक्कम हुक हवेत. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो.

२३५ चे टायर दिसायला छान असले, तरी जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि १३०० सीसीच्या इंजिनावर मोठ्या चाकाचा भार पडला की वाळूत ज्या क्षणी जोर हवा त्याच क्षणी ती दमते. २०५/७० आर१५ चे चांगल्या कंपनीचे नवे टायर, हवा उतरवून, या वजनाला पुरतात. रिमोल्ड (जुन्यावर नवा थर चढवलेले) टायर कोणत्याही परिस्थितीत नकोत, कमी हवेत त्यांचा थर सुटतो. कायद्याची बाजूही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले आहे. लोखंडी बंपरवर तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची स्पष्ट मनाई आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीने हे बदल दाखवून दावा नाकारला, तर हौस फार महाग पडते.

खर्च करायचा तर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेवर करा. वाळूत गाडी कमी वेगात आणि चढ्या आरपीएमवर चालते, समोरून वारा मिळत नाही आणि इंजिन तापते. रेडिएटर, सगळे होज, पंख्याभोवतीचे कवच, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), हे सर्व पाहून घ्या. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमध्ये सवय आहे. तो काढलेला असेल तर नवा बसवा आणि मूळ दुखणे शोधा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची लेखी नोंद नसेल तर तो बदललाच पाहिजे.

चालवण्याचा सराव मात्र थेट जैसलमेरला करू नका. गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा गिअर) ठेवून दुसऱ्या गिअरात वेग टिकवणे, थांबायचे तर ब्रेक न दाबता आपोआप थांबू देणे आणि शक्यतो उताराकडे तोंड करून थांबणे, टेकडीवर सरळ चढणे आणि सरळच उतरणे, चढ पूर्ण होत नाही असे दिसताच आपल्याच चाकोरीतून मागे येणे, या गोष्टी अंगवळणी पडायला हव्यात. चाके जागेवर फिरू लागली की ताबडतोब पाय काढा. आणखी दोन सेकंद दाबून ठेवला तर अ‍ॅक्सल वाळूवर टेकतो आणि मग फावड्याला पर्याय नाही. टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे, हे पायी चढून पाहिल्याशिवाय गाडी नेऊ नये. सकाळी गारव्याने वाळू घट्ट असते, दुपारी तीच वाळू भुसभुशीत होते, तेव्हा अवघड भाग सकाळी उरकावा. टाकी ४० लिटरची आहे आणि वाळूत पेट्रोल रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट जाते, हे धरून आखणी करा.

आणखी एक सूचना. सराव म्हणून कच्छच्या छोट्या रणात जाण्याचा मोह होईल, कारण ते आपल्याला जवळ आहे. तिथली वरची कोरडी पापडी फुटली की खाली खारट चिखल लागतो, हवा उतरवूनही गाडी निघत नाही, आणि तो खार आपल्या या गंजलेल्या चॅसीला सर्वात घातक आहे. शिवाय ते घुडखर अभयारण्य आहे, वन खात्याच्या परवान्याशिवाय आत जाता येत नाही. जैसलमेरलाही डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोकाचा अधिवास आहे, तिथे वाट सोडून गाडी नेऊ नये, आणि सीमेलगतच्या भागासाठी आधी प्रशासनाची परवानगी घ्यावी.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या गाडीला नकार कळवला आहे. पहिल्या गाडीच्या मालक काकांनी काहीही आढेवेढे न घेता तपासणीला परवानगी दिली आणि प्रतापनगरच्या एका गॅरेजमध्ये ती खड्ड्यावर घेतली. पट्टी असलेल्या डाव्या बाजूला वेल्डिंगपासून साधारण चार बोटांपर्यंत आवाज बद्द येतो, त्यापुढे खणखणीत. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एका जागी आत गेले. उजवी बाजू, पुढचे हँगर आणि बॉडी माउंट चांगले आहेत, क्रमांक स्वच्छ वाचता येतो. नकलमध्ये दोन्ही बाजूंना खेळ आहे आणि डाव्या चाकाच्या आत तेलाचे ओघळ आहेत. थर्मोस्टॅट खरोखरच काढलेला निघाला. काकांना हे सर्व दाखवल्यावर त्यांनी किंमत २ लाख ९० हजारांवर आणली आहे. गॅरेजवाले भाई म्हणतात की जुनी पट्टी कापून, खराब भाग धड लोखंडापर्यंत काढून, मकरपुऱ्यातून तेवढ्याच जाडीचा तुकडा वाकवून आणून बसवू. हे काम विश्वासार्ह ठरेल का? आणि रेडिएटरचा कोअर (मधला जाळीचा भाग) बदलून घ्यावा की नवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवावा?

प्रतिसाद :

या किमतीत गाडी घ्या. खराब भाग चार बोटांपुरता मर्यादित असेल आणि तो कापून धड लोखंडाला जोड देणार असतील, तर काम टिकेल. जुन्या पट्टीवर नवी पट्टी चढवू देऊ नका, आणि जोड सरळ उभा न ठेवता तिरपा घ्यायला सांगा, म्हणजे सगळा ताण एका रेषेत येत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि इंजिनाच्या ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) कनेक्टर काढायला सांगा, पेट्रोलच्या टाकीची नळी दूर करा, आणि काम झाल्यावर रुळाच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या. बाहेरचा काळा थर सर्वात शेवटी. कागद दरजीपुऱ्याच्या आरटीओत २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांनी आपल्या नावे होईपर्यंत वेल्डिंगला हात लावू नका.

रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या शाबूत असतील तर कोअर बदलणे पुरेसे आहे आणि मूळ पंख्याचे कवच त्यावर जसेच्या तसे बसते. बाजारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरवर ते बसतेच असे नाही, आणि कवचाशिवाय पंखा कमी वेगात हवा ओढत नाही. कोअर बदलल्यावर नवा थर्मोस्टॅट घालून कूलंट भरा आणि सिंधरोटकडे महीच्या काठच्या वाळूत, जिथे गाडी न्यायला मुभा आहे तेवढ्याच भागात, दुपारच्या उन्हात फोर-लोमध्ये अर्धा तास चालवून तापमानाचा काटा पाहा. काटा मध्यावर स्थिर राहिला तरच जैसलमेरची तारीख ठरवा.