मदत हवी आहे: मुलीचं सुट्टीतलं काम, खो-खो शिबिर आणि एनसीसी कॅम्प एकाच वेळी आले आहेत, कसं जमवू?

ऐरोलीची_आई
मुलगी आता नववीत जाईल. ठाण्याला नौपाड्यात पुस्तकांचं आणि वह्यांचं दुकान आहे, तिथे सीझनला मदतनीस हवी आहे. १० मे ते २० जून, वेळ सकाळी १० ते १.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ८.३०. तिला फार इच्छा आहे. पण शाळेचं खो-खो शिबिर ५ ते २५ मे आहे आणि १ ते १० जून एनसीसीचा कॅम्प लागलाय. एनसीसी सर म्हणतात कॅम्पला सगळ्यांनी यायलाच हवं. खो-खोचे सर म्हणतात शिबिराला दांडी मारली तर संघात नाव नाही. दुकानात सोमवारपर्यंत कळवायचं आहे. तीनही कसं बसवायचं ते सांगा. "काम कशाला करायला लावता" असे सल्ले नकोत, प्लीज.

खोपट_नाका
शिबिर किती ते किती? एक वेळ की दोन वेळ? बोर्ड कुठलं? शाळा कधी सुरू होते? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

ऐरोलीची_आई
स्टेट बोर्ड. शाळा १५ जूनला उघडते, सकाळचं सत्र. शिबिर सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ७, शाळेच्याच मैदानावर, ऐरोलीतच.

कलम_वाचा
ताई, सगळ्यात आधी एक सांगा: मुलीचं वय काय? "नववीत" याने काही कळत नाही. १४ पूर्ण आहेत का?

दोन_चाकं
स्कूटी देऊन टाका तिला. ऐरोलीहून पुलावरून नौपाडा, गाड्या बदलायला नकोत. निम्मा वेळ प्रवासातच जातो मुलांचा.

कलम_वाचा
@दोन_चाकं, हा सल्ला कृपया देऊ नका. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, त्याहून मोठ्या स्कूटीला १८ लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ पालकाला आणि गाडीमालकाला लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत परवाना नाही.

मैदानावर_भेटू
खो-खोबद्दल बोलतो. दोन वेळचं शिबिर म्हणजे दिवसाला चार तास मैदान. सकाळी तंदुरुस्ती आणि खुंटावरचा सराव, संध्याकाळी पळतीच्या पद्धती (एकेरी साखळी, दुहेरी साखळी, ३-३-२) आणि सामने, अशी साधारण विभागणी असते. संघनिवड मुख्यतः संध्याकाळच्या सामन्यांवरून होते, कारण खो देण्याची वेळ आणि पळतीचा दम तिथेच दिसतो. त्यामुळे "संध्याकाळी दुकान, सकाळी मैदान" ही तडजोड करू नका. एखादं सत्र सोडायचंच झालं तर सकाळचं सोडा, तेही सरांना आधी सांगून.

दुसरं म्हणजे, १३-१४ वर्षांची मुलं झपाट्याने उंच होत असतात. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा असतो तिथे याच वयात दुखायला लागतं. सकाळी पळून आल्यावर दुकानात सलग उभं राहिलं की ते वाढतं. स्टूल मिळणार का ते दुकानात विचारा. आणि वह्यांचे गठ्ठे माळ्यावर चढवायचं काम तिच्याकडे नको.

ऐरोलीची_आई
वय साडेतेरा-पावणेचौदा. २८ मेला १४ पूर्ण होतील. त्याने काय फरक पडतो? दुकान नात्यातलंच आहे.

कलम_वाचा
सगळा फरक त्यानेच पडतो, ताई. म्हणून तर आधी विचारलं.

बाल व किशोर कामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ पूर्ण नसलेल्या मुलाला कुठल्याही आस्थापनेत कामाला ठेवता येत नाही. म्हणजे १० मे ते २७ मे हे दिवस थेट बाद. दुकानदाराला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

२८ मेपासून ती किशोरवयीन धरली जाईल. पुस्तकांचं दुकान धोकादायक कामांच्या यादीत येत नाही, तेव्हा काम करता येईल. पण तुम्ही दिलेली वेळ तीन ठिकाणी अडते:

सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान १ तास विश्रांती. १० ते १.३० हे साडेतीन तास झाले.
विश्रांती आणि थांबण्याचा वेळ धरून एकूण पसारा ६ तासांच्या आत हवा. १० ते ८.३० हा साडेदहा तासांचा पसारा आहे. मधल्या तीन तासांत ती घरी गेली तरी तो मोजला जातो.
संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइमही नाही.

शिवाय आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. मालकाने नोंदवहीत तिचं नाव, जन्मतारीख, कामाची व विश्रांतीची वेळ लिहायची असते आणि ३० दिवसांत निरीक्षकाला कळवायचं असतं.

मामाची_भाची
पण नात्यातलं दुकान असेल तर १४ च्या आतही चालतं ना? कौटुंबिक व्यवसायाला सूट आहे.

कलम_वाचा
आहे, पण "कुटुंब" म्हणजे कोण ते कायद्यातच लिहिलंय: आई, वडील, भाऊ, बहीण, वडिलांचे भाऊ-बहीण आणि आईचे भाऊ-बहीण. म्हणजे सख्खा मामा, मावशी, काका, आत्या. त्यातही ती मदतच असायला हवी, नोकरी नव्हे. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि मोठ्या माणसाच्या जागी बदली म्हणून तर नाहीच. ताई, दुकान नक्की कोणाचं?

ऐरोलीची_आई
माझ्या चुलतभावाचं.

कलम_वाचा
मग ती सूट लागू नाही.

घरचा_अनुभव
इतकं कायद्याचं काय घेऊन बसलात? लेबलं लावणं, वह्यांना कव्हरं घालणं, याला कोणी निरीक्षक येतो का? सगळी दुकानं मे-जूनमध्ये मुलं ठेवतात. मूल चार पैसे कमावतं, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकतं, हिशेब कळतो. यात वाईट काय?

कलम_वाचा
शिकण्यात वाईट काहीच नाही आणि ताईंच्या मुलीने काम करावं असंच मलाही वाटतं. पण तक्रार झाली तर अडकतो तो दुकानदार, आणि तो यांचा भाऊ आहे. अठरा दिवस थांबून हे टळत असेल तर थांबावं. आणि रात्री ८.३० ला दुकान बंद करून ठाणे स्टेशन, तिथून ऐरोली, घरी पोचायला साडेनऊ. पहाटे पाचला मैदानासाठी उठायचं. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती कुठून आणायची?

सोसायटीचं_कट्टा
माझं मत वेगळं. दुकानच नको. सोसायटीतल्या लहान मुलांना संध्याकाळी एक तास खो-खो, लंगडी शिकवायला लावा. मैदान खाली, प्रवास शून्य.

मैदानावर_भेटू
@सोसायटीचं_कट्टा, संध्याकाळी ५ ते ७ तिचं स्वतःचं शिबिर आहे. वर लिहिलंय.

चित्रकला_सातवी_ते_दहावी
कुणी विचारलं नाही, तरी सांगते. नववीत जातेय तर इंटरमिजिएट ड्रॉइंग या सरकारी चित्रकला परीक्षेचा विचार करा. एलिमेंटरी झाली आहे का? इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ ला ७, ब ला ५, क ला ३. सुट्टीत स्थिरचित्र आणि संकल्पचित्राचा सराव रोज एक तास केला तरी पुरतो. प्रमाणपत्र सांभाळून ठेवा, दहावीत शाळा प्रस्ताव पाठवते तेव्हा ते लागतं.

ऐरोलीची_आई
चित्रकला नाही करत ती. कृपया विषयावर बोला, सोमवार जवळ येतोय. मग २८ पासूनच म्हणते दुकानात. पण १ ते १० जून कॅम्प आहे. म्हणजे २८ ते ३१ मे आणि ११ ते १४ जून, आठ दिवस. आठ दिवसांसाठी कोण घेईल?

खाकी_वर्दी
एनसीसीचं मी सांगतो. 'ए' प्रमाणपत्राच्या (शाळेतल्या कॅडेटसाठीच्या) परीक्षेला बसायला दोन्ही वर्षांत परेडची ७५ टक्के हजेरी आणि दोन वर्षांत मिळून एक वार्षिक प्रशिक्षण कॅम्प लागतो. कॅम्प निवासी असतो, त्यामुळे मधेच दोन दिवस दुकानात जाऊन येणं वगैरे होणार नाही. तेव्हा कॅम्प सोडू नका. दुकान पुढच्या वर्षीही असेल, परीक्षा राहिली तर गेली.

मैदानावर_भेटू
कॅम्प दिवाळीतही असतो की. जूनचा सोडून दिवाळीचा करायचा.

खाकी_वर्दी
दिवाळीवर टाकू नये. एक तर शाळेच्या वाट्याला तेव्हा किती जागा येतील ते एनसीसीचं युनिट ठरवतं. दुसरं, शालेय खो-खोच्या जिल्हा स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, मग विभाग, मग राज्य. संघ पुढे गेला तर राज्यस्तर आणि दिवाळीचा कॅम्प एकमेकांवर आदळू शकतात. तेव्हा तुम्हीच म्हणाल की कॅम्प सोडा.

मैदानावर_भेटू
ते बरोबर आहे. दिवाळीचं मागे घेतो.

खाकी_वर्दी
ताई, एक विचारायचं राहिलं. आठवीत असताना तिचा एखादा कॅम्प झाला का?

ऐरोलीची_आई
हो, गेल्या दिवाळीत झाला दहा दिवसांचा. तो वेगळा ना?

खाकी_वर्दी
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तो वार्षिक प्रशिक्षण कॅम्प असेल तर तिची अट पूर्ण झाली. जूनचा कॅम्प 'ए' प्रमाणपत्रासाठी सक्तीचा नाही.

आता असं करा. कॅम्पचं प्रमाणपत्र घरी आहे का ते आजच बघा. त्यावर कॅम्पचा प्रकार, तारखा आणि तिचा कॅडेट क्रमांक नीट आहे का तपासा, स्पेलिंगसकट. दोन झेरॉक्स काढा. सरांना भेटून विचारा की गेल्या वर्षीचा कॅम्प परीक्षेसाठी त्यांच्या नोंदीत लागला आहे का. नोंद नसेल तर आत्ता दुरुस्त होईल, जानेवारीत धावपळ होते. सर "सगळ्यांनी यायलाच हवं" म्हणतात त्याचं एक कारण म्हणजे युनिटने शाळेला ठरावीक संख्या दिलेली असते आणि ती भरायची असते. तिच्या जागी आठवीतली एखादी कॅडेट जाऊ शकली तर सरांचीही अडचण सुटते, त्या मुलीचाही कॅम्प होतो. तोंडी नको, पालकांचं पत्र द्या.

ऐरोलीची_आई
प्रमाणपत्र सापडलं. तारखा बरोबर आहेत, आडनावात एक अक्षर चुकलंय. उद्या सरांकडे जाते.

कलम_वाचा
मग आता हिशेब सोपा झाला. ५ ते २५ मे खो-खो, दोन्ही वेळ, पूर्ण. २६, २७ आराम. २८ मे ते १४ जून दुकान, म्हणजे १८ दिवस, त्यातल्या साप्ताहिक सुट्ट्या वजा. वेळ ११ ते २, एक तास जेवण, ३ ते ५. सहा तासांत बसतं. दुकानाला गर्दी शाळा उघडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत लागते, तेव्हा भावालाही हेच दिवस हवे असणार. १५ जूननंतर नको.

सुट्टीचा वार रविवार मागा. ट्रान्स हार्बरवर (ऐरोली-ठाणे लोकलच्या मार्गावर) रविवारी बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो.

खोपट_नाका
ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी ९-१० नंबरला लागते आणि नौपाडा पश्चिमेला. पूल ओलांडून बाहेर पडून गोखले रोडपर्यंत चालायला वीस मिनिटं धरा, पावसात जास्त. शाळेच्या दाखल्यावर मिळणारा सवलतीचा पास घर ते शाळा एवढ्यालाच असतो, तो या प्रवासाला चालणार नाही. साधा पास काढा.

गल्ला_सांभाळा
दुकानात काय काय काम देणार ते आधी ठरवून घ्या, नंतर नात्यात कडवटपणा येतो. इयत्तेप्रमाणे यादी लावून संच बांधणं, कव्हरं, लेबलं, माल मोजणं हे तिला जमेल. गल्ला नको. संध्याकाळी शंभर-दोनशे कमी आले की कोणाच्या अंगावर येणार? पैसे दर आठवड्याला आणि तासाप्रमाणे ठरवा, महिनाअखेरीवर ठेवू नका. रोज आल्या-गेल्याची वेळ एका वहीत लिहून दोघांची सही. पाठ्यपुस्तकांच्या संचात सगळ्यात जास्त घोळ माध्यमाचा होतो, मराठी माध्यमाच्या संचात सेमी-इंग्रजीचं गणित-विज्ञान जातं. बांधण्याआधी यादीवर खूण करायची सवय तिला पहिल्याच दिवशी लावा.

पासबुक
पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात घ्या. १० वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका देतात. आधार आणि जन्मदाखला न्या. मुलाने स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, व्याज मात्र मिळवतात.

ऐरोलीची_आई
भावाशी बोलले. २८ मे ते १४ जून, ११ ते ५, गल्ला नाही, स्टूल देतो म्हणाला. रविवार द्यायला कुरकुरला, पण बुधवार चालेल का विचारतोय. एनसीसी सरांनी पत्र घेतलं, आडनावाची दुरुस्ती युनिटला पाठवतो म्हणाले. बुधवारला हरकत नाही ना?

कलम_वाचा
वार कुठलाही चालेल, फक्त ठरलेला हवा आणि दुकानात लिहून लावायला सांगा. दर आठवड्याला बदलता येत नाही.

मामाची_भाची
खो-खोला नी-कॅप कुठली घ्यावी यावर वेगळा धागा आहे का कुठे?