फाफ्सा: पालक एच-१बीवर, मुलगी अमेरिकन नागरिक

कोयनाकाठ: मुलगी २०२६च्या फॉलला कॉलेजात जाईल. जन्म इथलाच. आम्ही एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४वर (जोडीदाराचा व्हिसा). फाफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी फेडरल सरकारच्या मदतीचा अर्ज) भरता येईल का? पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, तो दाखवायचा का?

उंबरठा: येईल, नक्की भरा. फेडरल मदतीला विद्यार्थ्याचं नागरिकत्व बघतात, पालकांचा व्हिसा नाही. (पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज, मात्र तुम्हाला मिळणार नाही.)

२०२६-२७च्या फॉर्मला २०२४चा टॅक्स रिटर्न लागतो. मुलीचं खातं वेगळं, पालकाचं वेगळं. तिच्या लॉगिनमधून तुमचा भाग भरू नका. रिटर्न जॉइंट असेल तर एकच पालक पुरतो, म्हणजे एच-४वर असणाऱ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसला तरी अडत नाही. संमतीचं पान घाईत सोडू नका: आयआरएसकडून (अमेरिकेचं आयकर खातं) आकडे घ्यायला नकार दिलात, तर बाकी सगळं हाताने भरूनही फेडरल मदत शून्य.

फ्लॅट दाखवायचाच. राहतं घर आणि ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती खातं) सोडतात; भाड्याची जागा गुंतवणूक धरतात, देश कुठलाही असो. फॉर्म भरता त्या दिवशीची बाजारभावाची किंमत, वजा त्यावरचं कर्ज, डॉलरमध्ये.

सातवा मजला: मुलीच्या नावावर किती पैसे आहेत तेही बघा. एसएआय (मदत ठरवताना वापरतात तो कुटुंबाच्या ऐपतीचा आकडा) काढताना तिच्या बचतीचे २० टक्के धरतात, पालकांच्या बचतीचे फार तर ५.६४. लॅपटॉप वगैरे घ्यायचाच असेल, तर तिच्या खात्यातून आणि फॉर्म भरण्याआधी घ्या. बरीच खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा आणखी एक अर्ज) हेही मागतात. त्यात राहत्या घराचीही माहिती द्यावी लागते आणि मुदत अनेकदा आधी संपते.

कोयनाकाठ: धन्यवाद! कॉलेजकडून येणाऱ्या मदतीच्या ऑफर लेटरमध्ये काय तपासायचं?

उंबरठा: बेरजेवर जाऊ नका. समजा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर. पत्रात मदत ३०,००० लिहिलीय, पण तीत ग्रँट (परत न करायची मदत) २२,०००, कर्ज ५,५०० आणि वर्क-स्टडी २,५००. खर्चातून फक्त ग्रँट वजा करा: ३८,००० तुमच्या अंगावर. वर्क-स्टडी हा काम करून मिळणारा पगार आहे, तो बिलातून वळता होत नाही. पहिल्या वर्षाच्या ५,५००च्या कर्जात सबसिडाइज्ड जास्तीत जास्त ३,५००. शिकत असताना त्याचं व्याज सरकार भरतं. उरलेल्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

सातवा मजला: आणि २०२४नंतर नोकरी गेली किंवा पगार घटला असेल, तर फाफ्सातले आकडे बदलू नका. फॉर्म आहे तसा भरा, मग प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला 'प्रोफेशनल जजमेंट'साठी, म्हणजे बदललेली परिस्थिती बघून मदत पुन्हा ठरवण्यासाठी, लेखी विनंती करा. सोबत टर्मिनेशन लेटर, शेवटची पे-स्लिप आणि चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. निर्णय कॉलेजागणिक वेगळा येतो, म्हणून एकाने नाही म्हटलं तरी बाकीच्यांना पाठवा.