पोळी बंद करायच्या आधी

ग्रुपवर एकानं लिहिलंय, जेवल्यावर डोळ्यावर झापड येते, सिलिअक (गहू खाल्ल्यानं लहान आतडं खराब होतं तो आजार) असेल म्हणून परवापासून पोळी सोडली. थांबा जरा. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करा, आणि तीही गहू खाणं चालू असताना. गहू सोडून तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

पोटभर जेवल्यावर सुस्ती कुणालाही येते म्हणा. माझ्या पुतणीचं तसं नव्हतं, दिवसभरच गळून जायची. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली, हिमोग्लोबिन काही हलेना. निघाला सिलिअक. लहान आतड्याचं अस्तरच खराब, लोह शोषलं जाणार कुठून?

आपल्या परभणीकडं ज्वारीची भाकरी आहे म्हणून निभलं. घोळ झाला गिरणीत! गव्हावरच ज्वारी टाकली की जात्यात, कापडी नळीत चिकटलेलं गव्हाचं पीठ भाकरीत येतंच. शेवटी वहिनीनं घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाचा दाणा टाकायचा नाही. हिंगाची डबी पण वाचून घ्या, पुष्कळदा त्यात गव्हाचं पीठ असतं. लग्नाच्या पंगतीत पोरगी आपला भाकरीचा डबा उघडून बसते. पहिल्यांदा मावश्या रुसल्या, आता ठेचा आणून वाढतात.